अर्धी टाकी म्हणजे किती लिटर? प्रोग्रॅमेबल फ्युएल गेज, सात महिन्यांनंतर

जुन्या गाडीचा मूळ काटा कायमचा झोपला म्हणून प्रोग्रॅमेबल गेज (काट्याच्या खुणा आपण स्वतः शिकवायचा) आणि फ्लोटवाला नवा सेंडर बसवला. सेंडर म्हणजे टाकीतला भाग: तरंगता फ्लोट वर-खाली झाला की त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून गेज काटा हलवतो. माझा सेंडर २४० ते ३३ ओहमचा (ओहम हे रोधाचं माप), म्हणजे रिकाम्या टाकीला २४० आणि भरलेल्या टाकीला ३३. सुरुवातीचे दोन महिने मी या गेजला भरपूर शिव्या घातल्या. त्यातल्या बऱ्याच खरं तर माझ्या वाट्याच्या होत्या.

कारण बसवताना मी त्याला रिकामी आणि भरलेली एवढ्या दोनच खुणा शिकवल्या. माझी चाळीस लिटरची टाकी खाली निमुळती, वर पसरट. फ्लोटला लिटर कळत नाहीत, फक्त उंची कळते. त्यामुळे वरचा अर्धा भाग संपता संपायचा नाही आणि तिथून खाली काटा नुसता घरंगळायचा. एकदा काटा तळाला बघून घाम फुटला, पंप गाठला, तर टाकीत पस्तीसच लिटर मावले!

शेवटी टाकी पूर्ण उपसली. गाडी सपाट जागेवर, मोकळ्या हवेत, आसपास ठिणगी नाही. पाच-पाच लिटर ओतायचे, पेट्रोल स्थिरावू द्यायचं, मल्टिमीटरचा आकडा वहीत टिपायचा. पहिल्या पाच लिटरांना आकडा २४० वरून हललाच नाही, फ्लोट तळाला टेकून बसलेला. दहाला १७२, विसाला ९८, चाळीसला ३४. म्हणजे आधी काटा अर्ध्यावर, २४० आणि ३३ च्या मधोमध साधारण १३६ ओहमला, असताना टाकीत जेमतेम पंधरा लिटर असायचे! हे आठ बिंदू गेजमध्ये भरले आणि तेव्हापासून काटा व पंपाचं बिल यांचं जमतं. फ्लोटची दांडी वाकवून खालचे पाच लिटरही मोजता आले असते, पण ते मी मुद्दाम रिझर्व्ह म्हणून सोडले.

पाचव्या महिन्यात टाकी फुल्ल असूनही काटा वर पोचेना. सेंडरच्या टोकांवर ३४ ओहम, गेजच्या वायरीवर ४७. जास्तीचे तेरा अर्थिंगच्या गंजलेल्या स्क्रूखाली सापडले. पॉलिश पेपरने पत्रा उघडा केला, वायरीच्या टोकाला नवं थिंबल (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) लावलं, काम झालं.

वळणावर काटा नाचू नये म्हणून डॅम्पिंग, म्हणजे काटा संथ करणारं सेटिंग, जास्त ठेवलंय, त्यामुळे पेट्रोल भरल्यावर काटा सावकाश चढतो. ते चालतं. सेटिंगची बटणं मात्र गेजच्या पाठीमागे आहेत, एक बिंदू बदलायचा तर डॅशबोर्ड खोलावा लागतो. ज्याने ही जागा ठरवली, त्याने आयुष्यात स्वतः गेज बसवलेला नसणार.