भित्तिचित्रं आणि शिल्पं बघायला पायी जावं की सायकलने?

हाताशी एकच दिवस असला की हा प्रश्न पडतोच.

अंतराच्या बाबतीत सायकलला तोड नाही. पायी तासाला चार-पाच किलोमीटर होतात, सायकलवर रमतगमतही त्याच्या दुप्पट. मात्र दर थांब्याला जागा शोधा, कुलूप लावा, परत काढा, याचा कंटाळा येतो आणि माणूस थांबेच गाळायला लागतो. पायी पाय दुखतात, पण थांबायचा आळस होत नाही.

खरा फरक पडतो तो बघण्यात. मोठं भित्तिचित्र रस्त्यापलीकडूनच नीट दिसतं. सायकल टेकवून पाच मिनिटं थांबलं तरी पुरतं. शिल्पाभोवती मात्र फेरी मारायलाच हवी. ब्राँझच्या पुतळ्यावर पाणी ओघळून हिरवट रेघा उमटलेल्या असतात, लोकांचे हात लागून लागून बोटं आणि गुडघे सोनेरी चकाकतात. हे जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. शिकागोचं 'क्लाउड गेट' हे आरशासारखं चकचकीत स्टीलचं शिल्प तर कमानीखाली उभं राहून वर बघितलं नाही, तर अर्धंच बघितलं म्हणायचं.

तेव्हा चित्रं शहरभर विखुरलेली असतील तर बिनधास्त सायकल काढा. शिल्पं बघायची असतील, सोबत लहान मुलं असतील किंवा बर्लिनच्या ईस्ट साइड गॅलरीसारखी सव्वा किलोमीटरहून लांब सलग रंगवलेली भिंत असेल, तर पायीच जा. दोन्ही बघायचं असेल तर एखादाच भाग निवडा आणि तिथे चालत फिरा.