मानेचे व्यायाम : बरेच महिने केल्यानंतरचा अनुभव (आणि त्या रबरी पट्ट्याबद्दल थोडं जास्तच)

पट्टा तुटला. एक टोक दाराला बांधलेलं, दुसरं कपाळावर, आणि जोर लावताना फटकन कानशिलावर बसला, वळ उठलाय. विकणारा म्हणतो गाठ मारलीत म्हणून वॉरंटी नाही! अहो, गाठ न मारता तो दाराला बांधायचा कसा हे पण सांगा की. तर राग आलाच आहे, रिव्ह्यू लिहून टाकते.

गोळ्या, शेक, कॉलर हे सगळ्यांचं करून झालेलं असतं, त्यामुळे ते सोडते. फिजिओ मॅडमनी सुरुवातीला काय दिलं, तर उताणं झोपायचं, डोकं न उचलता हनुवटी किंचित गळ्याकडे न्यायची, "हो" म्हणताना मान हलते तेवढीच, दहा सेकंद धरायचं, असं दहा वेळा. मनात आलं, याची फी घेतात? पण गळ्यावर दोन्ही बाजूंनी बोटं ठेवायला लावली तेव्हा कळलं. कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणारा जाड स्नायू लगेच टणक व्हायचा, म्हणजे आतले, मणक्याला पुढून चिकटलेले स्नायू बसून खातायत आणि हा बाहेरचा एकटा राबतोय. जीभ टाळूला लावून दात सैल सोडले की मग कुठे बोटांखाली मऊ लागायला लागलं. तर फीबद्दलची तक्रार मागे.

नंतर आला पट्टा. फिनलंडमध्ये जुनी मानदुखी असलेल्या ऑफिसात काम करणाऱ्या १८० बायकांवर वर्षभराचा अभ्यास झाला होता, २००३ साली छापून आला. पट्टा ओढून भारी ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांपैकी ७३ टक्के बायकांना चांगला किंवा पूर्ण आराम, झोपून डोकं उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांत ५९, आणि नुसता स्ट्रेचिंग-एरोबिकचा सल्ला मिळालेल्यांत २१. म्हणून तर घेतला ना मी. पण त्यांचा पट्टा केसांवरून वर सरकत नसेल! माझा प्रत्येक वेळी सरकतो, खाली रुमाल लावा, क्लिपा लावा, एक बट ओढली जाणारच. आणि रबर गाठीपाशी आधी पांढरं पडतं, मग बारीक चिरा येतात, ते दिसलं की फेकाच.

सध्या तळहात कपाळाला लावून ढकलते, फुकटात. पण खरं सांगायचं तर पट्ट्याची सर नाही, किती जोर लागतोय समजत नाही आणि खांदे वर चढतात.

फरक? आहे. मान वळवताना सगळं धड वळवावं लागायचं ते बंद झालं, संध्याकाळची ठसठस कमी, पूर्ण गेलेली नाही. चालढकल केली की परत येते. हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल पडत असेल तर मात्र आधी डॉक्टर, पट्टा-बिट्टा नंतर.

व्यायामाला साडेचार स्टार, पट्ट्याला एक. केसांवरून न सरकणारा कुणाला माहीत असेल तर सांगा, घेईन, पण वॉरंटीत गाठ चालते का ते आधी विचारून.