गोचिडीची तीन महिन्यांची गोळी : आमच्या घरातला अनुभव

कुत्र्याला गोचिडींसाठी द्यायची तीन महिन्यांची गोळी काम करते. हे आधीच सांगते, कारण एवढं महाग औषध घ्यावं की नाही या विचारात असलेल्याला पहिल्यांदा तेच हवं असतं. पण ती नेमकं काय करते आणि काय करत नाही, हे औषध देताना कोणी फारसं समजावत नाही. मग पंधरा दिवसांनी कुत्र्याच्या कानात गोचीड दिसली की लोक "पैसे पाण्यात" म्हणून सोडून देतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. जुनं घर, पुढे ओटा, मागे फरशीचं अंगण, भिंतींना जागोजागी भेगा. घरात गोट्या, म्हणजे साधा गावठी कुत्रा, वजन 17 किलो, आणि मनी मांजर. गेल्या पावसाळ्यात गोट्याला टिक फिव्हर, म्हणजे गोचीड चावून होणारा ताप, झाला. जेवण सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, एका सकाळी नाकातून रक्त आलं. तपासणीत प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, खूपच खाली होत्या. महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलेले आमचे डॉक्टर म्हणाले, एर्लिकिया आहे, म्हणजे गोचिडीतून येणाऱ्या जंतूंचा संसर्ग. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा चार आठवड्यांचा कोर्स झाला आणि तो वाचला. पुढे मार्चमध्ये, उन्हाळा तापायच्या आत, त्यांनी फ्लुरालेनर या गोचीड मारणाऱ्या औषधाची चघळायची गोळी सुरू केली. तेव्हापासून दर 12 आठवड्यांनी देतो.

हे औषध पोटातून रक्तात उतरतं. गोचीड चावली, रक्त प्यायली की तिची मज्जासंस्था बिघडते आणि चिकटल्यापासून साधारण 12 तासांत ती मरते. म्हणजे अंगावर चढणारी गोचीड गोळी अडवत नाही. आम्हालाही सुरुवातीला गोचिडी सापडत होत्याच, फक्त वाळलेल्या, चपट्या, बोट लावलं की गळून पडणाऱ्या. रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढ्या टम्म फुगलेल्या मात्र पुन्हा दिसल्या नाहीत. परिणाम ओळखायची खूण हीच.

चावल्याशिवाय औषध लागू होत नाही, आणि एर्लिकियाचे जंतू चावल्यावर काही तासांतच कुत्र्याच्या रक्तात जाऊ शकतात. त्यामुळे गोळी चालू असली तरी फिरून आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली आणि काखेत हात फिरवून बघायचंच. जिवंत सापडली तर चिमट्याने कातडीला लागून धरायची आणि सरळ ओढायची. रॉकेल, जळती काडी असले प्रकार नकोत, आणि नखाने चिरडायची तर मुळीच नाही.

खरी लढाई घराशी असते. आपल्याकडे कुत्र्यावर दिसणारी तपकिरी गोचीड घरातच पिढ्यान् पिढ्या वाढू शकते. पिल्लू असो वा मोठी, प्रत्येक टप्प्यावर ती रक्त पिऊन खाली पडते, आणि पिल्लं भेगेत जाऊन कात टाकतात. मादी तर एकदाच हजारो अंडी घालते, आणि ती भिंत चढून चौकटीच्या फटीतसुद्धा जाते. आम्ही ओट्याच्या आणि अंगणाच्या भेगा सिमेंटने बुजवल्या, गोट्याचं गोणपाट काढून टाकलं, चादर दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढू लागलो. अंगणात फवारणी करून घेतली तेव्हा फरशी पूर्ण वाळेपर्यंत दोघांनाही वरच्या खोलीत ठेवलं. गणपतीपर्यंत भिंतीवर एकही गोचीड दिसेनाशी झाली. नुसत्या गोळीने एवढं झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

आता मांजरांबद्दल, आणि हे कृपा करून नीट वाचा. समोरच्या काकूंनी त्यांच्या कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या औषधातले उरलेले थेंब मनीसाठी आणून दिले, अगदी प्रेमाने. मी डबी वाचली, तर त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक. "काकू, हे मांजरीला विष आहे हो," मी म्हटलं, तर त्यांना खरंच वाटेना. कुत्र्याला चालणारं परमेथ्रिन मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. घरात दोन्ही प्राणी असतील तर कुत्र्यालाही ते थेंब लावू नयेत, कारण मांजर त्याला चाटतं, त्याला चिकटून झोपतं. मनीसाठी डॉक्टरांनी मांजरांचेच फिप्रोनिलचे थेंब दिलेत. पॅरासिटामॉलचंही तसंच आहे, माणसांची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

घरगुती उपायांत आमच्या आत्यांचा भर खोबरेल तेलात कापूर लावण्यावर असतो, आणि कुणी पोळीतून लसूण द्यायला सांगतं. कापूर कातडीतून आणि चाटण्यातून शरीरात जातो आणि झटके आणू शकतो. लसणाने तांबड्या पेशी फुटतात, मांजरांच्या तर फारच लवकर. आत्यांना मी हे सांगितलं, त्यांनी ऐकलंही.

दुष्परिणाम म्हणाल तर पहिल्या गोळीनंतर गोट्या दिवसभर जरा सुस्त होता, एकदा उलटी झाली. नंतर भरल्या पोटी दिली, काही झालं नाही. मात्र फ्लुरालेनरच्या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं, फिट येणं असे त्रास होऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने 2018 मध्ये दिला होता. तुमच्या कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, गोळी नंतर.

घेण्याआधी वजन करा. गोट्याला 10 ते 20 किलोची गोळी लागते. पिल्लू झपाट्याने वाढत असेल तर तीन महिन्यांत वजनाचा गट बदलतो, तिथे दर महिन्याची गोळी जास्त सोयीची पडेल, डॉक्टरांना विचारा. आणि पैसे वाचवायला मोठ्या कुत्र्याची गोळी कापून दोन लहान कुत्र्यांना देऊ नका. ती तोडून द्यायची नसते, कुणाच्या वाट्याला किती औषध गेलं ते कळत नाही.