सिव्हिल घेऊ की एन्व्हायर्नमेंटल? गोव्यात राहून ठरवणाऱ्यांसाठी

इंजिनिअरिंग नक्की, कॉम्प्युटर नको हेही नक्की, आणि आता गाडी सिव्हिल आणि एन्व्हायर्नमेंटलच्या मधे अडकलीय, अशी मुलं दरवर्षी भेटतातच. माझं मत आधीच सांगून टाकतो: गोव्यातच राहून काम करायचं असेल तर बीई सिव्हिल कर, एन्व्हायर्नमेंटल एमटेकला घे. मी स्वतः सिव्हिलवाला, त्यामुळे पारडं थोडं आमच्या बाजूला झुकणारच, ते धरूनच वाच.

पहिला फरक अगदी साधा, कॉलेज कुठं आहे तो. सिव्हिल घराजवळ मिळतं. फर्मागुडीचं गोवा कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग 1967 पासून आहे, फातोर्ड्याला डॉन बॉस्को आहे, आणि जेईई बरी गेली तर कुंकळ्ळीचं एनआयटी, जिथं निम्म्या जागा होम स्टेटच्या म्हणजे आपल्या मुलांच्या. चार वर्षांची एन्व्हायर्नमेंटलची पदवी म्हटली की बहुतेकांना बाहेरच बघावं लागतं, दिल्लीचं डीटीयू किंवा धनबादचं आयआयटी आयएसएम वगैरे. म्हणजे हॉस्टेल, मेस, रेल्वेची तिकिटं, हा खर्च फीच्या तक्त्यात कुठंच दिसत नाही.

पहिलं वर्ष दोन्हीकडे जवळपास सारखंच, मॅथ्स, फिजिक्स, मेकॅनिक्स, ड्रॉइंग. पुढं सिव्हिलमध्ये स्ट्रक्चर, माती, सर्व्हे, रस्ते, हायड्रॉलिक्स असं सगळंच थोडं थोडं येतं आणि एन्व्हायर्नमेंटलचे दोनेक पेपरही त्यातच असतात, पाणीपुरवठा आणि सांडपाणी. एन्व्हायर्नमेंटलमध्ये मात्र केमिस्ट्री आणि मायक्रोबायोलॉजी खरोखर लागते, हवेचं प्रदूषण, घनकचरा, इम्पॅक्ट असेसमेंट (एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास) हे सगळं खोलात जातं. लॅबमध्येच बघ ना, सिव्हिलवाला 150 मिमीचा काँक्रीटचा क्यूब 28 दिवस पाण्यात ठेवून फोडतो, एन्व्हायर्नमेंटलवाला सांडपाण्याचा नमुना 27 अंशांवर तीन दिवस ठेवून बीओडी काढतो, म्हणजे त्यातली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो ते. बारावीला टायट्रेशन करताना कंटाळा आला असेल तर हा इशाराच समज.

आता खरा मुद्दा. कॉलेजात या दोन वेगळ्या ब्रँच, पण कामाच्या जागी त्या एकाच खड्ड्यात उभ्या असतात. समुद्राजवळच्या एखाद्या हॉटेलचा सांडपाण्याचा प्लांट घे. टाकी जमिनीत जाते, पावसात आपल्याकडे भूजल पार वर येतं, आणि त्याच वेळी साफसफाईसाठी टाकी रिकामी केली तर खालून पाण्याचा दाब अख्खी टाकी वर उचलू शकतो. आरसीसीची टाकी तरंगते हे ऐकून मुलं हसतात, पण म्हणूनच तिचं वजन, तळाचा स्लॅब किती बाहेर काढायचा, हे सगळं आधी हिशेबात धरावं लागतं. हे झालं सिव्हिलचं. टाकीच्या आत काय चाललंय ते एन्व्हायर्नमेंटलचं. तिथं जिवाणू घाण खातात, त्यांना हवा लागते आणि रोजचं खाणं साधारण सारखं लागतं. गोव्यात ते सारखं नसतं ना, डिसेंबरात हॉटेल फुल्ल आणि जुलैत अर्धं रिकामं, शिवाय किचनमधलं तेल ग्रीस ट्रॅपमध्ये न अडकता सरळ आत आलं की सगळं बिघडतं. यातलं एकच येणारा माणूस दुसऱ्याच्या भरवशावर सही करतो, आणि दोन्ही येणारी माणसं आपल्याकडे कमी आहेत.

कचऱ्याचंही तेच. साळगावचा प्लांट 2016 ला सुरू झाला, ओल्या कचऱ्यापासून गॅस काढतात. सोनसोड्याचा जुना ढीग वर्षानुवर्षं गाजतोय. वर्षाला तीन हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो तिथं उघड्या ढिगातून काळं पाणी झिरपणारच, ते अडवायला लायनर, म्हणजे तळाला पाणी न झिरपणारं अस्तर, आणि गटारं लागतात आणि गोळा झालेलं पाणी शुद्ध करायला केमिस्ट्री. गावात तर घराघरात सोकपिट, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, आणि दहा पावलांवर विहीर, आणि मधला चिरा सच्छिद्र. या विषयात गोव्याला काम कमी पडणार नाही.

नोकरी. सरकारी म्हटली की पीडब्ल्यूडी आणि जलसंपदा खातं, तिथं जाहिरातीत बहुतेक वेळा सिव्हिलची पदवी किंवा डिप्लोमा मागतात, एन्व्हायर्नमेंटलची पदवी चालेल की नाही हे प्रत्येक जाहिरात वाचून बघावं लागतं. हा एक मुद्दाच माझ्यासाठी पुरेसा आहे. शिवाय 15 वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणी लागतेच, मराठी येत असेल तर ती वरची गोष्ट. खासगीत सिव्हिलला बिल्डर, कॉन्ट्रॅक्टर, कन्सल्टंट असे पर्याय जास्त, पण सुरुवातीचा पगार आयटीवाल्या मित्राला सांगण्यासारखा नसतो. एन्व्हायर्नमेंटलला जागा कमी, पण कारखाने, फार्मा कंपन्या, इम्पॅक्ट असेसमेंट करणाऱ्या कन्सल्टन्सी यांना माणूस लागतोच. खाण बंद-चालूचा घोळ 2012 पासून बघतोयस, त्या क्षेत्रावर अख्खं करिअर लावू नकोस एवढंच म्हणेन.

एमटेकच्या प्रवेशासाठी गेट परीक्षा असते, त्यात सिव्हिलचा पेपर सीई, आणि 2021 पासून एन्व्हायर्नमेंटलचा वेगळा ईएस आलाय. सिव्हिलचा मुलगा ईएस देऊन आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी एमटेकला अर्ज करू शकतो. उलट रस्ता, म्हणजे एन्व्हायर्नमेंटल करून नंतर स्ट्रक्चरमध्ये जाणं, कठीणच. तिसऱ्या वर्षापर्यंत ठरवलं नाहीस तरी सिव्हिलमध्ये काही बिघडत नाही.

मग थेट एन्व्हायर्नमेंटल कोणी घ्यावं? ज्याला केमिस्ट्री-बायो मनापासून आवडते, बीम आणि सळईचा विचारही नकोसा वाटतो, बाहेर राहायला हरकत नाही आणि पुढं रिसर्च किंवा परदेश डोक्यात आहे, त्यानं. अशा मुलाला सिव्हिलमध्ये ढकललं तर स्ट्रक्चरचे पेपर काढता काढता चार वर्षं जातील.

आणि पालकांसाठी एक. "मुलीला सिव्हिल नको, साइटवर उभं राहावं लागतं, एन्व्हायर्नमेंटल बरं, लॅबमध्ये बसेल" हे मी कितीदा ऐकलंय. अहो, एन्व्हायर्नमेंटलवालीलाही नमुने घ्यायला नाल्यात, कारखान्याच्या मागच्या पाइपापाशी आणि कचऱ्याच्या ढिगावर जावं लागतं, आणि सिव्हिलमध्ये डिझाइनचं काम ऑफिसात बसून होतं.