‘फक्त पीडीएफ पाठवून ठेवा’

‘फक्त पीडीएफ पाठवून ठेवा, आमच्या डायरेक्टरांना दाखवायचीय.’ हा निरोप आला तेव्हा ऑफिसात सगळे खूश होते. काम मिळाल्यातच जमा आहे असं वाटलं. खरं तर ते त्याच दिवशी आमच्या हातून गेलं होतं. लहान एजन्सी चालवणाऱ्या किंवा एकट्यानं डिझाइनचं काम करणाऱ्या कुणालाही असाच गोड निरोप येऊ शकतो, आणि येतो तेव्हा त्यात वावगं काही दिसत नाही. म्हणून झालं ते सगळं लिहितो आहे.

आम्ही सहा जण. साबण, शाम्पू, क्रीम बनवणाऱ्या एका कंपनीच्या मार्केटिंग प्रमुखांचा फोन आला. नवा ब्रँड आणायचाय, लोगो आणि नऊ पॅकचं डिझाइन हवंय, तीन एजन्सींना बोलावलंय. पिचचे, म्हणजे निवडीआधी करून दाखवायच्या कामाचे, पैसे द्यायची आमच्याकडे पद्धत नाही, पण निवड झाली तर वर्षभराचं काम तुमचंच. गृहस्थ सभ्य होते, आमची जुनी कामं बघून आले होते, काय हवंय ते सांगणारं ब्रीफही नीट लिहिलेलं होतं. आम्ही हो म्हणालो.

पिच म्हणजे दोन-चार स्लाइड असं बाहेरून वाटतं. आम्ही आधी बाजारातले त्या प्रकारचे पॅक गोळा करून टेबलावर ओळीनं मांडले. कोणता रंग कुणी अडवून ठेवलाय, लांबून काय वाचता येतं, काय गिचमिड होतं, हे बघण्यातच पहिला आठवडा गेला. मग स्केचेस. आमच्याकडची एक सहकारी अक्षरं हातानं काढते. ब्रँडचं नाव तिनं ब्रशनं कागदावर चाळीसेक वेळा लिहिलं, त्यातलं एक निवडून स्कॅन केलं आणि त्यावर रेषा वळवणारा एकेक अँकर पॉइंट ठेवत व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठ्या केल्या तरी न फाटणाऱ्या आणि पुन्हा बदलता येणाऱ्या रेषांमध्ये, उतरवलं. नावातल्या दोन अक्षरांचा जोड तिनं असा घेतला होता की खालचं वळण किंचित जाड राहतं. ब्रशवर हात दाबला गेला होता, ते तिनं मुद्दाम तसंच ठेवलं. असा जोड कुठल्याही फॉन्टमध्ये मिळणार नाही. हा तपशील पुढे उपयोगाचा आहे.

प्रेझेंटेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी पीडीएफ मागितली, आम्ही पाठवली. मग बारीकसारीक विचारणा सुरू झाल्या. हिरव्याऐवजी निळा कसा दिसेल? छोट्या पाऊचवर लोगो बसेल का, बसवून दाखवा ना. रंगांचे पँटोन नंबर (छपाईत नेमका तोच रंग यावा म्हणून ठरलेले क्रमांक) कळवा, छपाईच्या खर्चाचा अंदाज घ्यायचाय. मागच्या बाजूच्या मजकुराला फॉन्ट कुठला वापरलात? प्रत्येक मागणी तासाभराची. प्रत्येक वेळी आम्हाला वाटायचं, इतकं बारकाईनं विचारताहेत म्हणजे निवड आमचीच. आता तीच यादी समोर ठेवली की लख्ख दिसतं: प्रिंटरकडे जायला जे जे लागतं ते सगळं त्यांनी तुकड्यातुकड्यानं आमच्याकडूनच घेतलं होतं. निवड करण्यासाठी पँटोन नंबर लागत नाही, तो छापण्यासाठी लागतो. एवढा एक फरक तेव्हा ओळखला असता तर पुढचं टळलं असतं.

त्यानंतर ‘मॅनेजमेंटनं प्रोजेक्ट सध्या पुढे ढकललंय’ असा दोन ओळींचा मेल आला. सात आठवड्यांची मेहनत होती, वाईट वाटलं, पण असं होतं या धंद्यात. आम्ही दुसऱ्या कामांना लागलो.

पाच महिन्यांनी ती सहकारी सकाळी आली आणि काही न बोलता तिनं माझ्या टेबलावर शाम्पूची एक बाटली ठेवली. रंग निळा. आमच्या लोगोतलं झाडाच्या पानाचं चिन्ह काढून टाकलेलं. नावाची अक्षरं मात्र तीच, आणि खालचं जाड वळणही तसंच. लेबल सपाट करून स्कॅन केलं आणि आमच्या फाइलवर अर्धपारदर्शक करून ठेवलं. रेषेवर रेष बसली. तिचा चेहरा बघवत नव्हता.

हे इतकं तंतोतंत कसं जमलं असेल? पीडीएफ म्हणजे कागदाची झेरॉक्स, समोरचा बघेल पण त्यातून काही काढू शकणार नाही, असा समज आपल्यात फार आहे. तो चुकीचा आहे. १९९३ साली ॲडोबीनं हा प्रकार आणला तो फाइल कुठल्याही मशिनवर जशीच्या तशी दिसावी म्हणून, आतलं लपवण्यासाठी नव्हे. व्हेक्टरमध्ये काढलेला लोगो पीडीएफमध्येही व्हेक्टरच राहतो. ॲडोबीच्याच इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ सेव्ह करताना नेहमीचा प्रीसेट ठेवला तर एडिटिंगची मुभा राखणारा पर्याय आधीपासून टिक केलेला असतो, म्हणजे चित्राच्या सगळ्या थरांसकट (लेअरसकट) जवळजवळ मूळ फाइलच समोरच्याच्या हाती जाते. आमची तशीच गेली होती. एडिट करू नये म्हणून घातलेला पासवर्डही फार उपयोगाचा नाही. तो काढून टाकणारी साधनं सहज मिळतात.

मी त्या गृहस्थांना फोन केला. आवाज तसाच सभ्य. ‘आमच्या इन-हाउस टीमनं केलंय, सर. साम्य योगायोगानं आलं असेल.’ मी दोन अक्षरांच्या त्या जोडाचं सांगितलं. ते म्हणाले, लेखी पाठवा. आम्ही दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून, तारखांसह पाठवली. उत्तरात त्यांच्या वकिलानं माझाच एक मेल जोडला होता. पीडीएफ पाठवताना मी शेवटी लिहिलं होतं, ‘हे काम आपलंच समजा, निःसंकोच वापरा.’ वरिष्ठांना दाखवायला वापरा, एवढाच माझ्या मनातला अर्थ. आपण बोलताना असं सहज म्हणतो. कागदावर त्याचा अर्थ परवानगी असा लावला गेला.

आमच्या वकीलबाईंनी धीर दिला आणि स्पष्टही सांगितलं. काम तयार झालं त्या क्षणी त्यावर कॉपीराइट येतो, त्यासाठी आधी नोंदणी लागत नाही. कॉपीराइटबद्दलच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९०८ साली दुरुस्ती झाल्यापासून हे तत्त्व आंतरराष्ट्रीय पातळीवर आहे. पण संरक्षण मिळतं ते प्रत्यक्ष रेखाटनाला, कल्पनेला नाही. पॅकची एकूण मांडणी, रंगांमागचा विचार यावर हक्क सांगणं अवघड. अक्षरांबाबत बाजू भक्कम होती, पण त्या एका वाक्यावर वाद रंगला असता आणि सहा माणसांच्या एजन्सीला तो वर्षानुवर्षं लढणं परवडलं नसतं. आम्ही सोडून दिलं. हा निर्णय बरोबर होता की नाही, यावर आमच्यात अजून एकमत नाही. अक्षरं काढणाऱ्या आमच्या सहकारीला लढायचं होतं.

फुकट पिच करूच नये असं माझं ठाम मत आता झालंय. ज्यांना ते टाळता येत नाही त्यांनी निदान इतकं करावं. कामाची चित्रं पीडीएफमध्ये नुसती ठेवू नका, आधी ती कमी पिक्सेलच्या जेपीजीत बदलून घ्या, म्हणजे आत रेषा उरतच नाहीत. शक्य असेल तर फाइल न पाठवता समोर बसून दाखवा. प्रत्येक पानावर हे काम कुणाचं आहे आणि पैसे मिळून लेखी हस्तांतर होईपर्यंत ते कुणाचं राहील, हे लिहा. पँटोन नंबर, फॉन्टची नावं, डायलाइनवर (पॅक कापण्या-दुमडण्याच्या आराखड्यावर) बसवलेलं आर्टवर्क करार झाल्याशिवाय द्यायचं नाही, समोरचा कितीही ओळखीचा असो. कच्ची स्केचेस तारखेसकट जपून ठेवा; आमची बाजू जेवढी टिकली ती त्या चाळीस कागदांवर. आणि मेलमध्ये सौजन्य दाखवताना मालकीचा शब्द येऊ देऊ नका.

गेल्या महिन्यात एका कंपनीनं पुन्हा फुकट पिचबद्दल विचारलं. आम्ही जुनी कामं पाठवली, सोबत पहिल्या टप्प्याची फी आणि दोन पानांचा करार. त्यांचं उत्तर आलं नाही. तसंच पत्र दुसऱ्या एका कंपनीलाही गेलं होतं. तिथल्या बाईंनी फोनवर करारातलं एकेक कलम समजून घेतलं, एक बदलून मागितलं आणि आठवड्याभरात ॲडव्हान्स भरला. त्यांच्या नावाची अक्षरं सध्या काढणं चालू आहे. टेबलावर ब्रशचे कागद पडलेत, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात आमच्या सहकारीनं तारीख घातलीय.