कोळसा फक्त मुकुटात होता

अण्णांची पंचाहत्तरी जवळ आली होती. जळगावात उभी हयात त्यांनी पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, तेव्हा भेट चित्राचीच द्यायची हे माझं ठरलेलं. जुन्या वस्तूंच्या एका विक्रीत अजिंठ्याच्या भिंतीवरच्या पद्मपाणीचं कोळशाचं रेखाटन दिसलं. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्याने अजिंठ्यात बसून काढलेलं मूळ, असं विक्रेता म्हणाला. 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे.जे.चे विद्यार्थी तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते, हे मी वाचलं होतं. त्या खऱ्या इतिहासामुळेच मी फसले. "ताई, मुकुटावर बोट फिरवून बघा," तो म्हणाला. बोट काळं झालं. मी 18,000 रुपये मोजले.

अण्णांनी कागद चौकटीतून काढायला लावला, खिडकीशी नेऊन डोळ्यांसमोर आडवा धरला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माय, हाई काढेल नही, छापेल शे."

त्यांनी चेहऱ्यावर बोट घासलं, काहीच लागलं नाही. कोळसा कागदाच्या दाण्यांवर बसतो, खळग्यांत पांढरं उरतं. इथे सगळं काळं सपाट. हनुवटी शोधताना हात दोन-तीन रेघा मारतो, नको ती पुसतो आणि पुसल्याचं राखाडी सावट मागे राहतं. पोरगं कुठे अडलं, कुठे त्याला धीर आला, हे अण्णा त्या सावटावरूनच ओळखत. या चेहऱ्यात कोणी अडलंच नव्हतं. खरा कोळसा होता तो फक्त मुकुटावर, छापलेल्या रेघांवरून फिरवलेला. जिथे बोट लावायला सांगितलं, तिथेच.

ओळखीच्या सराफाच्या भिंगाखाली चेहऱ्याच्या रेघांत छपाईचे निळे, गुलाबी, पिवळे ठिपके निघाले. नोटा तपासायच्या दिव्याखाली चौकटीत झाकलेली कड निळसर चमकली. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ते रसायन दुसऱ्या महायुद्धानंतरचं; एकोणिसाव्या शतकातल्या कागदात ते असेलच कसं?

असं चित्र घेणार असाल तर आधी चौकट उघडायला लावा, आणि विक्रेता दाखवेल ती जागा सोडून दुसरीकडे भिंग धरा. तो नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. आणि पावती नीट वाचा. मी तक्रार द्यायला गेले तेव्हा माझी पहिल्यांदा वाचली. त्यावर "सजावटीचे चित्र, 1 नग" एवढंच आहे. "मूळ" हा शब्द त्याने कुठेच लिहिलेला नाही.