‘सर’ म्हटलं की मिसळीचा दंड: पायथनच्या टेलिग्राम ग्रुपचा रिव्ह्यू

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, ती शिकणाऱ्यांच्या टेलिग्राम ग्रुपबद्दल लिहितेय. आधीच सांगते, ग्रुपचं नाव इथे टाकणार नाहीये. मागे कोणीतरी लिंक फेसबुकवर टाकली तर दोन दिवसात क्रिप्टोवाले आणि ‘१०० टक्के प्लेसमेंट’वाले घुसले, ॲडमिन बिचारा रात्री जागून एकेकाला काढत बसला होता. ज्यांना खरंच यायचंय त्यांना शेवटी सांगते कसं यायचं. रेटिंग ५ पैकी ४. एक का कापला ते येईलच मध्ये.

मी नाशिकला म्हसरूळमध्ये राहते आणि रोज पिंपळगाव बसवंतला एका कांदा व्यापाऱ्याकडे हिशोबाला जाते. लिलाव झाला की काटा पावत्या येतात, वजन गुणिले दर, त्यातून हमाली तोलाई वजा, की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशोबाचा कागद, तयार. सगळं एक्सेलमध्ये. ऐकायला सोपं आहे पण सीझनला तीन जण तीन शीट भरतात, एक वजन किलोत टाकतो, एक क्विंटलमध्ये, तिसरा आकड्याच्या पुढे ‘कि.’ लिहून ठेवतो, आणि संध्याकाळी हे सगळं एकत्र करायला मी. मामेभाऊ म्हणाला ताई पायथन शीक, दोन मिनिटाचं काम आहे. ते दोन मिनिटाचं काम शिकायला मला पाच महिने लागले, पण चूक त्याची नाही.

आधी क्लास लावला होता. कॉलेज रोडला, नाव घेत नाही, १४ हजार भरले. एका बॅचला इतकी पोरं की मागच्या बाकावरून प्रोजेक्टर दिसायचा नाही, सर टाइप करणार, आपण बघून टाइप करायचं, डाउट विचारला की “नेक्स्ट लेक्चरला घेऊ”. मला पट्टी काढायची होती आणि मी तीन आठवडे स्क्रीनवर चांदण्यांचे (* या चिन्हाचे) त्रिकोण छापत होते. सोडला.

मग हा ग्रुप. पहिल्या दिवशी मी टाकलं, “हाय सर, पायथनमध्ये एक डाउट आहे, विचारू का?” दोन तास कोणी ढुंकून बघितलं नाही. मला वाटलं बाई माणूस बघून गप्प बसले की काय. नंतर एकाने लिहिलं, “ताई विचारू का असं विचारू नका, डायरेक्ट प्रश्न टाका. काय लिहिलं, काय यायला हवं होतं आणि काय आलं, एवढं टाकलं की पुरे. आणि इथे सर कोणी नाही, सर म्हटलं की मिसळीचा दंड.” दंड खरा आहे बरं का, सगळा मांडून ठेवतात आणि कधी भेटले की वसूल करतात.

मग टाकला प्रश्न. प्रोग्राम असा की वजन इनपुटने घ्यायचं, दर १६५० आधीच लिहून ठेवलेला, दोघांचा गुणाकार प्रिंट करायचा. वजन टाकलं १८. उत्तर यायला हवं २९,७००. आणि आलं काय तर १८१८१८१८१८ असं करत करत अख्खी स्क्रीन भरली! मला वाटलं लॅपटॉपला व्हायरस लागला. ग्रुपवर कोणी हसलं नाही (म्हणजे हसले असतील, लिहिलं नाही), आणि उत्तरही सरळ दिलं नाही कोणी. एकाने विचारलं, “त्या १८चा टाइप प्रिंट करून बघा, टाइप कंसात वजन.” केलं, तर आलं स्ट्रिंग. म्हणे, “आता सांगा, ‘१८’ हे जर अक्षर असेल, आकडा नसेल, तर अक्षर गुणिले १६५० म्हणजे काय?” मी म्हटलं तेच १६५० वेळा लिहिणार. “मग तेच तर केलंय त्याने बिचाऱ्याने.” इनपुटमधून जे येतं ते कायम स्ट्रिंगच असतं, आकडा हवा असेल तर इंट (पूर्ण आकडा) नाहीतर फ्लोटमध्ये (दशांशाचा आकडा) घालून घ्यावं लागतं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. क्लासमध्येही हे सांगितलं असणार, वहीत माझ्या लिहिलेलं पण आहे. पण वहीतलं वहीतच राहतं ना.

ही यांची पद्धत मला सगळ्यात आवडली. रेडीमेड कोड देत नाहीत. चिडचिड होते आधी, कारण साडेनऊ वाजलेत, स्वयंपाक व्हायचाय आणि समोरचा माणूस उत्तर माहीत असून विचारतोय की “तुम्हाला काय वाटतं?” पण पुढच्या वेळी तीच चूक आपली आपल्याला सापडते.

लोक पण मजेशीर आहेत. एक दादा मूळचा नाशिकरोडचा, आता हिंजवडीत नोकरीला, कंपनीचं काम सोडून इथे उत्तरं देतो असा माझा संशय आहे. एक अंबड एमआयडीसीत नाइट शिफ्टला असतो, रात्री दोनला प्रश्न टाकला तरी त्याचं उत्तर येतं. आणि एक काका, प्रेसमधून रिटायर झालेले (नाशिकमध्ये प्रेस म्हटलं की नोटांची, वर्तमानपत्रवाली नाही), रिटायर झाल्यावर पायथन शिकले आणि आता आमच्यासारख्यांना शिकवतात. मोजकं बोलतात, पण बोलले की प्रश्न संपला.

आता खरा किस्सा. माझा प्रोग्राम चालायला लागला होता, मी खूष. एक दिवस १८ क्विंटल २५ किलोची पट्टी निघाली, दर १६५०, म्हणजे ३०,११२ रुपये ५० पैसे. पायथनच्या राउंडने (आकडा पूर्ण रुपयात करणारी कमांड) दिले ३०,११२. शेठच्या एक्सेलने ३०,११३. शेठ म्हणाले रुपया कुठे गेला? एक रुपयासाठी आमच्याकडे काय होतं ते ज्यांनी मार्केट यार्डात काम केलंय त्यांना माहिती आहे.

ग्रुपवर टाकलं. अंबडवाला लगेच म्हणाला फ्लोटचा घोळ आहे, कॉम्प्युटरला दशांश नीट ठेवता येत नाहीत. हिंजवडीवाला म्हणाला थांब, अर्धा तर बायनरीत (कॉम्प्युटरच्या ० आणि १ च्या आकड्यांत) अगदी बरोबर बसतो, इथे फ्लोटचा काही दोष नाही, पायथन ३ मध्ये राउंड मुद्दामच तसा केलाय, बरोबर मध्यावर असेल तर जवळच्या सम आकड्याकडे जातो. म्हणून २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. कारण दर वेळी वरच ढकलत राहिलं तर हजारो बिलांत चूक एकाच बाजूला साठत जाते. अंबडवाला काय ऐकतो, त्याने २.६७५ दोन दशांशांपर्यंत राउंड करून दाखवला, आलं २.६७. म्हणे हा घे, ७ विषम आहे, सम धरला तर २.६८ यायला पाहिजे होते, मग हे काय? हिंजवडीवाला म्हणाला हां, इथे मात्र तुझा फ्लोटच, २.६७५ आत साठवताना किंचित कमी साठवला जातो, म्हणजे तो मध्यावर नाहीच. तासभर चाललं हे आणि मी पोळ्या लाटता लाटता वाचत होते, आणि खरं सांगू, पाच महिन्यांत सगळ्यात जास्त त्या तासात शिकले. पुस्तकात एकच माणूस बोलतो, त्याचं कधीच चुकत नाही. इथे दोन शिकलेली माणसं भांडतात, एक चुकतो, मान्य करतो, आणि ते आपल्यासमोर होतं.

शेवटी ठरलं की पैशाचा हिशोब फ्लोटमध्ये करायचाच नाही, डेसिमल नावाचं मॉड्यूल (तयार कोडची फाईल) पायथनबरोबर येतंच ते वापरायचं, त्यात ‘राउंड हाफ अप’ (अर्धा आला की वर ढकल) सांगायचं, म्हणजे शेठचं आणि पायथनचं जुळेल. मी उत्साहाने नवीन फाईल उघडली, नाव दिलं डेसिमल डॉट पीवाय, पहिलीच ओळ इम्पोर्टची, आणि लाल लाल एरर. डेसिमल सापडतच नाही म्हणे! अर्धा तास घासली. काकांचा एकच मेसेज, “फाईलचं नाव काय ठेवलंय?” पायथन आपली फाईल आधी बघतो, त्यामुळे तो माझ्याच रिकाम्या फाईलमध्ये डेसिमल शोधत होता. नाव बदललं, चाललं. नंतर काकांनी सांगितलं की ३.१३ व्हर्जनपासून एरर स्वतःच सुचवतो की फाईलचं नाव बदलून बघा. माझ्याकडे जुनं होतं.

आता जो एक कापला त्याचं. टेलिग्रामवर प्रश्न वाहून जातो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की ग्रुपवर दुतोंड्या मारुतीचे (गोदावरीतली मूर्ती, पूर किती आला ते नाशिककर तिच्यावरून मोजतात) फोटो सुरू होतात, पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, आणि मारुतीच्या आधी आपला प्रश्न बुडतो. दुसरं, दिवसा दहा ते सहा फारसं कोणी नसतं, ज्याला त्याला नोकऱ्या आहेत. फुकट आहे म्हटल्यावर तक्रार करू नये पण करतेच आहे. तिसरं, एक जण आहे तो काहीही विचारलं की “गुगल करा” एवढंच लिहितो. अरे गुगल करून काय शोधायचं तेच माहीत नाही म्हणून तर आलो ना इथे.

आणि मोठी गोष्ट म्हणजे याला सिलॅबस नाही. आपल्याला अडतं तेवढंच आपण शिकतो. मला डेसिमल येत होतं, एक्सेल फाइली जोडता येत होत्या आणि व्हाइल लूप (अट खरी आहे तोवर तेच परत परत करायला लावणारा, अगदी बेसिक) येत नव्हता! गेल्या महिन्यात एका नवीन मुलीला मी ऐटीत उत्तर दिलं आणि ते चुकलं, तेव्हा कळलं मधले कप्पे रिकामे आहेत. त्यामुळे सोबत पायथनचं स्वतःचं ट्युटोरियल वाचत राहा, फुकट आहे, इंग्रजीत आहे पण भाषा सोपी आहे.

चॅटजीपीटी आहे की मग ग्रुप कशाला, हे नवरा पण म्हणतो. वापरते मी. पण ते मागितलं की लगेच कोड देतं, मी चिकटवते, चालतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच परत विचारते. काका तसं करू देत नाहीत.

यायचं असेल तर मला मेसेज करा, पण सोबत एक प्रश्न आणा. कोड टेक्स्टमध्येच टाका, तीन बॅकटिकमध्ये (` हे चिन्ह), म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस मोडत नाहीत. मॉनिटरचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो टाकाल तर ओरडा बसेल, मला बसलाय. आणि मोबाइलवर कोड टाइप करत असाल तर कीबोर्डची ती वाकडी अवतरणं बंद करा, पायथनला ती कळत नाहीत, त्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीये. सर कोणालाच म्हणायचं नाही, काकांना तर अजिबात नाही. माझ्या तोंडून अजून निघतं, दोन मिसळी बाकी आहेत माझ्याकडे.